फोटोतला गड, रांगेतला गड: प्रवासाच्या प्रतिमेवर संशोधनप्रश्न कसा बांधायचा?

पीएच.डी. प्रवेशासाठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत एक विषय हमखास असतो: ‘समाजमाध्यमांवरील पर्यटनाची आभासी प्रतिमा आणि वास्तव’. भूगोल, समाजशास्त्र, माध्यमविद्या, मानसशास्त्र, कुठल्याही विभागात जा, कुणीतरी हा विषय घेऊन आलेलं असतं. विषय वाईट मुळीच नाही. रीलमध्ये पाहिलेला धबधबा आणि प्रत्यक्षात लागलेलं ट्रॅफिक, यातलं अंतर आपण सगळेच दर पावसाळ्यात अनुभवतो. पण मुलाखतीच्या खोलीत हा विषय दोन मिनिटांत गळपटतो. समोरून प्रश्न येतो, “म्हणजे तुम्ही दाखवणार काय? फोटोत दिसतं तसं प्रत्यक्षात नसतं, एवढंच ना? ते आम्हालाही माहीत आहे.”

प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. उत्तर आधीच माहीत असेल तर संशोधन कशाला करायचं? या लेखात आपण हाच विषय घेऊन तो अभ्यासण्याजोगा कसा करायचा ते पाहू. तुमचा विषय पर्यटन नसला तरी चालेल. ‘आभास विरुद्ध वास्तव’ अशी जोडी ज्या ज्या विषयात येते, तिथे हीच अडचण येते.

हरिहरच्या पायऱ्यांपासून सुरुवात करू

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबक रांगेतला हरिहर किल्ला तुम्ही चढला नसाल, तरी पाहिलेला नक्की असेल. कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला हात रोवायला खोबण्या आणि वर जाणारी माणसं. मोबाइलची चौकट उभी असते आणि हा जिनाही उभा, त्यामुळे तो पडद्यावर अगदी मापात बसतो.

या फोटोत काय येत नाही, याची यादी करा. निर्गुडपाड्याकडून पायऱ्यांच्या तोंडापर्यंत करावी लागणारी चाल येत नाही. चढायला आणि उतरायला जिना एकच आहे, त्यामुळे रविवारी वरचे उतरेपर्यंत खालच्यांना खोबणीत हात घालून थांबावं लागतं, ते येत नाही. गडमाथ्यावरची तळी, मंदिर, जुनं कोठार हे सगळं फार कमी वेळा येतं. पायथ्याच्या गावात गाड्या कुठे लावतात, पिण्याचं पाणी कुठून येतं, कचरा कोण उचलतं, हे तर येतच नाही.

आता सांगा, हा फोटो खोटा आहे का? पायऱ्या खऱ्या आहेत. चढणही खरी आहे. ज्या कोनातून फोटो काढला तिथे तुम्ही उभे राहिलात तर तुम्हालाही तेच दिसेल. म्हणजे फोटो खोटा नाही. तो निवडलेला आहे. ‘आभासी’ हा शब्द इथेच आपली वाट चुकवतो. आभास म्हटलं की आपण खोटं पकडायला निघतो. निवड म्हटलं की लगेच कामाचे प्रश्न पडायला लागतात: निवड कुणी केली, कोणत्या टप्प्यावर केली, काय वगळलं आणि त्या वगळण्याचे परिणाम कुणावर झाले?

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. बाकीचा लेख म्हणजे तिचाच विस्तार आहे.

हे इन्स्टाग्रामच्या आधीपासूनचं आहे

पूर्वसाहित्याचा आढावा घेताना पुष्कळ जण २०१० पासून सुरुवात करतात, कारण इन्स्टाग्राम त्या वर्षी आलं. तसं करू नका. तुम्ही ज्याला नवं म्हणता ते जुनं निघालं, तर व्हायव्हात फार अडचण होते.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये फिरायला जाणारे हौशी लोक एक छोटा, काळसर छटेचा, किंचित फुगीर आरसा सोबत ठेवत. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावावरून त्याला ‘क्लॉड ग्लास’ म्हणत. देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात तो पाहायचा, म्हणजे तो चित्रासारखा दिसतो. टॉमस ग्रे हा कवी १७६९ मध्ये असाच आरसा हातात धरून चालताना चिखलाच्या गल्लीत पाठीवर पडला आणि त्याची बोटं सोलवटली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. देखाव्याकडे पाठ, हातात चौकट आणि पायाखाली लक्ष नाही: अडीचशे वर्षांत बदललंय ते उपकरण.

त्यानंतर १८८८ मध्ये कोडॅकचा सोपा कॅमेरा आला आणि सहलीचा फोटो सामान्य माणसाच्या हातात पडला. विसाव्या शतकात या सगळ्याकडे पाहण्याच्या तीन मोठ्या चौकटी तयार झाल्या. त्या तुम्हाला माहीत असायलाच हव्यात.

पहिली डॅनिएल बुरस्टिन यांची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ‘द इमेज’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की आधुनिक पर्यटक खरा अनुभव घेतच नाही. त्याच्यासाठी घडवून आणलेल्या गोष्टी पाहून तो परत येतो. ‘आभास विरुद्ध वास्तव’ ही तुमची मांडणी नकळत इथूनच आलेली असते.

दुसरी चौकट डीन मॅककॅनेल यांची. त्यांनी १९७३ च्या लेखात बुरस्टिनना उलट उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की पर्यटकाला खोटं नको असतं, तो उलट ‘खऱ्या’च्या शोधात असतो. गॉफमन यांनी रंगमंच आणि पडद्यामागची जागा असा जो भेद केला होता, तो मॅककॅनेलनी पर्यटनाला लावला. पर्यटकाला पडद्यामागे डोकवायचं असतं. मग यजमान काय करतात? पडद्यामागची जागासुद्धा नीट मांडून ठेवतात. याला ते ‘मांडलेली अस्सलता’ म्हणतात. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी आठवा. घरात रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो, पाहुण्यांसाठी अंगणातली चूल पेटते आणि भाकरी थापणाऱ्या मावशींचं रील तयार होतं. यात फसवणूक शोधू नका. ती चूल हेही एक काम आहे, त्याचे पैसे मिळतात आणि त्याचे कष्ट असतात. संशोधकाने विचारायचं ते हे की हे पैसे मावशींपर्यंत किती पोचतात आणि धूर कुणाच्या डोळ्यांत जातो.

तिसरी चौकट जॉन उरी यांची. ‘द टुरिस्ट गेझ’ (१९९०) मध्ये ते म्हणतात की पर्यटकाची नजर कोरी नसते, ती समाजाने घडवलेली असते. काय पाहायचं हे आपण निघण्याआधीच ठरलेलं असतं. त्यांनी एक वर्तुळ सांगितलं: आधी आपण ठिकाणाचे फोटो पाहतो, मग तिथे जातो, तिथे तोच फोटो स्वतः काढतो आणि परत येऊन इतरांना दाखवतो. ओलिव्हिया जेन्किन्स यांनी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातले बॅकपॅकर आणि पर्यटनाची माहितीपत्रकं घेऊन हे वर्तुळ तपासलं आणि त्याला आधार सापडला.

आता हरिहरकडे परत या. त्या फोटोतून रांग वगळलेली असते आणि ती रांग लागण्याचं एक कारण तोच फोटो असू शकतो. म्हणजे प्रतिमा एका बाजूला आणि वास्तव दुसऱ्या बाजूला, असं काही उरत नाही. प्रतिमा वास्तवातच काम करत असते. किती काम करते, हे मात्र मोजावं लागतं. त्याकडे पुढे येऊ.

‘वास्तव’ नेमकं कधीचं?

समजा, तुम्ही ठरवलं की पर्यटकांनाच विचारू, प्रवास प्रत्यक्षात कसा झाला. पण विचारणार कधी? गडावर, की घरी परतल्यावर आठवड्याने?

टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपची सहल, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आणि कॅलिफोर्नियातली तीन आठवड्यांची सायकल सफर अशा तीन प्रसंगांत त्यांनी लोकांना आधी, दरम्यान आणि नंतर विचारलं. आधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण या दोन्ही प्रत्यक्ष त्या वेळच्या अनुभवापेक्षा गोड निघाल्या. पाऊस, थकवा, चिडचिड हे सगळं त्या त्या दिवशी नोंदवलं गेलं. मागाहून आठवताना ते फिकं पडलं. साल बघा: १९९७. तेव्हा रील नव्हतं. प्रवास गोड करून सांगण्याचं काम आपली आठवण आधीपासूनच करत आली आहे.

आणि ही आठवण निरुपद्रवी नसते. डेरिक वर्ट्झ आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सुट्टीच्या सहलीबद्दल असंच तीन वेळा विचारलं गेलं. पुन्हा तशी सहल करावीशी वाटते का, याचा अंदाज बांधताना त्या वेळच्या प्रत्यक्ष अनुभवापेक्षा नंतरची आठवण जास्त उपयोगी ठरली. म्हणजे पुढच्या सहलीचा निर्णय आठवण घेते. त्यामुळे तुमच्या प्रश्नावलीत ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असा एकच प्रश्न असेल आणि तो महिन्याने गूगल फॉर्मवर भरून घेतला असेल, तर तुम्ही अनुभव मोजलेलाच नाही. तुम्ही आठवण मोजली आहे. तेही चालेल, पण प्रबंधात तसं लिहा.

फोटो काढल्याने अनुभव बिघडतो, हे आणखी एक लाडकं गृहीतक. क्रिस्टिन डील, गॅल झाउबरमन आणि अॅलिक्सँड्रा बराश यांच्या २०१६ च्या प्रयोगांत बहुतेक वेळा उलट दिसलं: फोटो काढणारे समोरच्या अनुभवात जास्त गुंतले आणि त्यांना तो जास्त आवडला. मात्र याच तिघांनी २०१८ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: फोटो कुणासाठी काढताय? स्वतःच्या आठवणीसाठी काढणाऱ्यांपेक्षा समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी काढणाऱ्यांचा आनंद कमी भरला, कारण आपण इतरांना कसे दिसू ही काळजी मध्ये येते. पाहा, ‘फोटो चांगला की वाईट’ या भांडणातून ‘हेतू कोणता’ हा एक चल वेगळा काढला आणि विषय किती पुढे गेला. चांगला संशोधनप्रश्न असाच बनतो.

निवड कुठे कुठे होते?

निवड हा शब्द घेतल्यावर तिचे टप्पे वेगळे करून पाहावे लागतात. ढोबळमानाने चार टप्पे सांगते.

*जागेची निवड.* साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फोटोत पठारभर फुलांचा गालिचा दिसतो. प्रत्यक्षात तिथली बरीच फुलं इवलीशी आणि घोट्याइतक्या उंचीवर असतात. कॅमेरा जमिनीलगत धरला की लांबवरची फुलं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि गालिचा तयार होतो. उभ्या माणसाला वरून पाहताना मधली माती आणि कातळही दिसतो. दोन्ही दृश्यं खरी, फक्त डोळ्याची उंची वेगळी. ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून हिरमुसलेला पर्यटक वाट सोडून आत पाऊल टाकतो, तेव्हा या दोन उंचींतला फरक फुलांच्या मुळावर येतो.

*वेळेची निवड.* त्याच कासवर टोपली कारवीसारखी झुडपं काही वर्षांच्या अंतराने एकदाच एकत्र फुलतात. त्या हंगामातला फोटो मात्र दरवर्षी फिरत राहतो. फोटोवर तारीख नसते, त्यामुळे सात-आठ वर्षांतून एकदा येणारं दृश्य दर सप्टेंबरला मिळेल असं वाटतं. वारीचंही तसंच. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं दिवे घाटातलं, वरून टिपलेलं दृश्य म्हणजे अनेकांसाठी वारीच. पण आळंदी ते पंढरपूर या वाटेवर दिवे घाट एकाच दिवसाचा असतो. उरलेल्या दिवसांतलं चालणं, पायाचे फोड, पाण्याच्या टँकरपुढची रांग या गोष्टी त्या एका दृश्यात मावत नाहीत.

*माणसांची निवड.* सर्वात मोठी गळती इथे होते. पोस्ट टाकतो तो जो पोचला. अर्ध्या वाटेतून गुडघेदुखीमुळे परतलेला, गर्दी बघून गाडी वळवणारा, पावसात रस्ता चुकून चिडलेला माणूस सहसा काही टाकत नाही. म्हणजे तुम्ही हजार पोस्ट गोळा केल्या तरी त्यात न पोचलेले जवळजवळ नसतातच. पायथ्याच्या गावातले लोक असतात, पण बहुतेकदा पार्श्वभूमी म्हणून.

*यंत्राची निवड.* टाकलेल्या पोस्टपैकी कोणती तुमच्यापर्यंत येईल, हे समाजमाध्यमाचा अल्गोरिदम ठरवतो आणि तो प्रत्येकाला वेगळं दाखवतो. तुमच्या फोनवर ‘हरिहर’ शोधून पहिल्या शंभर पोस्ट घेतल्या, तर तो हरिहरचा नमुना नाही. तो तुमच्या फोनच्या सवयींचाही नमुना आहे.

चुकीच्या प्रश्नाची किंमत

इथपर्यंत वाचून हे सगळं शब्दांचं बारकं काम आहे असं वाटू शकतं. तसं नाही. प्रश्न कसा विचारला यावर उपाय कोणता होणार हे ठरतं, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात हा जिवाचा मामला असतो.

अगम बन्सल आणि सहकाऱ्यांचा सेल्फीमृत्यूंवरचा २०१८ चा शोधनिबंध पुष्कळ उद्धृत होतो. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात १३७ घटनांत २५९ मृत्यू त्यांना सापडले आणि त्यातले १५९ भारतातले होते. कारणांमध्ये बुडणं सर्वात वर होतं. हा आकडा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये घालायला हरकत नाही, पण तो आला कुठून हेही लिहा. तो बातम्यांमधून आला आहे. पत्रकाराने ज्या मृत्यूला सेल्फीचा मृत्यू म्हटलं, तोच मोजला गेला. रस्त्यावर फोटो काढताना गेलेला जीव ‘रस्ता अपघात’ म्हणून नोंदला गेला असेल तर तो सुटला. उलट, जिथे कॅमेऱ्याचा संबंध कच्चा होता ती घटना मथळ्यामुळे आत आली असण्याचीही शक्यता राहते. निबंध यामुळे वाया जात नाही. त्याचा आवाका तेवढा कळतो.

आता ३० जून २०२४ चा लोणावळ्याचा प्रसंग. भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्या प्रवाहात अडकलेल्यांचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. नंतरच्या दिवसांत पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढले. त्यात खोल पाण्यात उतरण्याबरोबरच धोक्याच्या ठिकाणी सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी होती.

संशोधक म्हणून इथे थांबा. लोक त्या पाण्यात का उतरतात? रीलसाठी, की पाणी समोर आहे, मुलं हट्ट करतायत आणि मघाशी तर ते घोट्याएवढंच होतं म्हणून? वरच्या डोंगरात पाऊस झाला की खालचा प्रवाह काही मिनिटांत फुगतो, हे शहरातून आलेल्या किती जणांना माहीत असतं? धोक्याची सूचना कुठे, कोणत्या भाषेत लावलेली असते? रील हेच कारण मानलं तर उपाय म्हणजे फोनवर बंदी. पाण्याची चढण न ओळखता येणं हे कारण निघालं तर उपाय म्हणजे इशारा देणारी यंत्रणा, दोर, जीवरक्षक आणि प्रवाह ओळखायला शिकवणं. दोन्ही कारणं असतील तर प्रमाण शोधावं लागेल. ‘सोशल मीडियाने माणसं बिघडवली’ हा निष्कर्ष खिशात घेऊन तुम्ही गेलात, तर पाण्याकडे पाहणारच नाही. आणि माणसं वाहून जातात ती पाण्यात.

मग प्रश्न कसा बांधायचा?

‘प्रतिमा आणि वास्तव’ या भल्या मोठ्या विषयाचे तीन वेगळे प्रश्न करता येतात. तिन्ही एका प्रबंधात घालायचा मोह आवरा.

पहिला प्रश्न चित्रांचा: एका ठिकाणाच्या पोस्टमध्ये काय दाखवलं जातं आणि काय वगळलं जातं? याला आशय विश्लेषण लागतं. आधी कोडबुक तयार करा: फोटोत किती माणसं आहेत, गर्दी दिसते का, कचरा दिसतो का, स्थानिक माणूस आहे का, असेल तर काय करताना, हवामान कसं, धोक्याचा उल्लेख आहे का. मग दोन जणांनी स्वतंत्रपणे तेच फोटो नोंदवायचे आणि एकमत किती ते कोहेन कप्पासारख्या मापाने तपासायचं. ‘गर्दी’ म्हणजे किती माणसं, यावरच तुमचं आणि मित्राचं भांडण होईल. होऊ द्या, त्या भांडणातूनच व्याख्या पक्की होते. नमुना कसा घेतला, कोणत्या तारखांना, कोणत्या खात्यावरून, हे सगळं लिहून ठेवा. पोस्ट पुसल्या जातात, स्टोरी तर चोवीस तासांत जाते.

दुसरा प्रश्न प्रवाशांचा: अपेक्षा, प्रत्यक्ष क्षण आणि आठवण यांत अंतर किती आणि ते कशामुळे? इथे एकाच माणसाला तीनदा गाठावं लागतं: निघण्याआधी, गडावर आणि परतल्यावर. संख्या कमी ठेवा, पण माणसं सोडू नका. यासाठी जॉन कॉलिअर यांनी १९५७ मध्ये मांडलेली फोटो समोर ठेवून मुलाखत घेण्याची पद्धत फार उपयोगी आहे. माझी सूचना अशी की माणसाला त्याच्या फोनची गॅलरी उघडायला सांगा. टाकलेला फोटो आणि त्याच दिवशीचे न टाकलेले फोटो शेजारी ठेवा, आणि प्रत्येकाबद्दल विचारा, “हा का नाही टाकला?” चाळीसातला एक निवडताना काय चाललं होतं, ते त्या उत्तरांत मिळतं. ‘यात दमलेली दिसते’, ‘मागे लोक आहेत’, ‘आईला कळलं असतं मी कुठे उभा होतो’: अशा तऱ्हेचं एखादं उत्तर प्रश्नावलीच्या वीस रकान्यांपेक्षा जास्त सांगून जाईल.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा: प्रतिमा पसरल्यावर तिथे काय बदललं? हा सर्वात मोलाचा आणि सर्वात अवघड. ‘इन्स्टाग्राममुळे गर्दी वाढली’ असं सहज लिहून जातो आपण. पण त्याच काळात मोबाइल डेटा स्वस्त झाला, रस्ते सुधारले, शनिवार-रविवारचे ट्रेक आयोजित करणारे गट वाढले, गाड्या वाढल्या. यातला फोटोचा वाटा वेगळा कसा काढणार? एक मार्ग तुलनेचा. हरिहरच्या शेजारी, त्याच रांगेत भास्करगड आहे. रांग तीच, पाऊस तोच, शहरापासूनचं अंतर फारसं वेगळं नाही, पण त्याचे फोटो हरिहरएवढे फिरत नाहीत. दोन्हीकडे वेगवेगळ्या हंगामांत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उभं राहून माणसं मोजा. वन विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे शुल्काच्या पावत्यांच्या नोंदी असतील तर त्या मागा. यानेही कारण सिद्ध होणार नाही, कारण दोन किल्ले कधीच जुळे नसतात. पण ‘वाटतं’पासून ‘दिसतं’पर्यंत तरी तुम्ही याल. जुलै २०२५ मध्ये लोहगड, साल्हेर, राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आहेत. पुढची काही वर्षं तिथे काय बदलतं हे मोजायला आत्ता कुणी सुरुवात केली, तर दहा वर्षांनी त्या नोंदी सोन्याच्या ठरतील.

गावात जाण्याआधी

दोन गोष्टी घाईत राहून जातात. पहिली, पोस्ट सगळ्यांना दिसते म्हणून ती तुम्हाला दिलेली नसते. प्रबंधात कुणाचा फोटो छापायचा असेल तर परवानगी घ्या, चेहरे झाका, खात्याची नावं काढा. विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे अर्ज वेळेत करा. क्षेत्रकार्य उरकल्यावर परवानगी मागता येत नाही.

दुसरी, पायथ्याच्या गावाकडे फक्त ‘बळी’ म्हणून पाहू नका. तिथे गर्दीला वैतागलेली आजी असते आणि त्याच घरात पार्किंगच्या पैशांवर कॉलेजची फी भरणारा नातू असतो. एका घरात दोन उत्तरं मिळतील. दोन्ही लिहा. रविवारी प्रश्न विचारायला गेलात तर कुणालाही बोलायला वेळ नसेल; मंगळवारी-बुधवारी जा, आणि भाकरी-पिठल्याचे पैसे देऊन या.

सुरुवात करायची तर याच आठवड्यात एक छोटं काम करा. तुमच्या गावाजवळचं, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं एक ठिकाण घ्या. त्याच्या पन्नास पोस्ट पाहा आणि कागदावर दोन रकाने करा: ‘वारंवार दिसलं’ आणि ‘एकदाही दिसलं नाही’. पहिला रकाना पटकन भरेल आणि त्यात फारसं नवं नसेल. दुसरा भरायला वेळ लागेल, कारण तो भरण्यासाठी ते ठिकाण माहीत असावं लागतं. त्या दुसऱ्या रकान्यातली एक ओळ उचला आणि तिच्यापुढे ‘का?’ लिहा. मुलाखतीत तोच प्रश्न घेऊन बसा.